ढगाची पाठ

आभाळात कापसाच्या बोंडाएवढा ढग दिसला तरी धसका घेणारा सहा फुटी माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि ते नेमके माझे साडू आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. हा गृहस्थ बांधावरचा नाग काठीवर उचलून ओढ्यापलीकडे सोडून येतो, विहिरीत पडलेलं रेडकू खांद्यावर घेऊन पायऱ्या चढतो, गावातल्या भांडणात दोन्हीकडच्या माणसांना दोन हातांनी बखोटीला धरून वेगळं करतो. पण पश्चिमेला जरा काळं दिसलं, की त्याचा चेहरा परीक्षेच्या दिवशीच्या पोरासारखा होतो. कुणीही भेटलं तर लोक रामराम करतात, दाजी आधी वर बघतात आणि मग रामराम करतात. मयताला गेले तरी तेच. एकदा एका घरी सांत्वनाला बसले असताना मधेच उठून अंगणात गेले, मान वर करून आले आणि त्या विधवेला म्हणाले, “काळजी करू नका वैनी, निवळलंय.” त्या बाईला वाटलं, आपल्या दुःखाबद्दल बोलतायत. तिला बरं वाटलं, असं पुढे कळलं.

त्यांचा दोष नाही. दाजींची बाग तासगावची, आणि बागेतली सगळी द्राक्षं बेदाण्याची. द्राक्षं तोडून शेडातल्या जाळ्यांवर पसरली की पुढचे बारा-पंधरा दिवस त्यांना फक्त ऊन आणि कोरडा वारा लागतो. त्या दिवसांत आभाळ आलं, हवा दमट झाली, की हिरवागार माल काळा पडतो, चिकटतो, वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत आंबते. त्यामुळे आम्ही ज्याला आल्हाददायक वातावरण म्हणतो त्याला दाजी ‘घाण हवा’ म्हणतात. मी कराडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. ढगांचे प्रकार मला पाठ होते, आकृत्याही छान काढायचो. एकदा दाजींना मी ढगांची शास्त्रीय नावं ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाव्हणं, ढगाचं परकार दोनच. एक येणारा आन एक जाणारा.”

माझ्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. लग्न तासगावात, चैत्रातलं, म्हणजे शेडं भरलेली. अंतरपाटाचं एक टोक भटजींच्या हातात आणि दुसरं थोरला जावई म्हणून दाजींच्या हातात. तिसरं मंगलाष्टक चालू असताना लांब कुठेतरी गडगडलं. दाजींनी वर मांडवाकडे बघितलं, त्यांच्या बोटांतून अंतरपाट सुटला आणि “शेडात माल हाय रं!” एवढं ओरडून ते निघाले. ते एकटे गेले असते तर निभावलं असतं. पण वऱ्हाडात निम्मे बागायतदार. बघता बघता अक्षता हातातच घेऊन ती सगळी मंडळी मोटारसायकलींवर बसली आणि अर्धा मांडव रिकामा झाला. मी माझ्या बायकोचं तोंड ठरल्या वेळेच्या दोन मंगलाष्टकं आधी बघितलं. ती हसत होती. पाऊस काही आला नाही. तासाभराने मंडळी परत आली आणि त्यांच्या खिशातल्या अक्षता आमच्या डोक्यावर पडल्या तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो.

हे सगळं ऐकायला मजेचं वाटतं, पण ज्या बाईने ते जन्मभर सोसलं ती म्हणजे माझी मेहुणी. बायकोची ती आक्का, म्हणून साऱ्या घराचीच आक्का. आक्का बोलायला कमी. तिला दागिन्यांची हौस नाही, साड्यांची नाही. तिची एकच इच्छा, आणि ती तिने माझ्या बायकोला कितीदा तरी सांगितलेली: नवऱ्याच्या शेजारी बसून एकदा सबंध पाऊस बघायचा. सुरुवातीपासून थांबेपर्यंत. “तुला सांगते,” ती म्हणायची, “बत्तीस वरसं झाली, थेंब पडला की ह्यो माणूस माझ्या शेजारचा उठून गेलाच म्हणून समज. गरोदर हुते तवा बी. पोरगं तापलेलं तवा बी. मी आपली दारातनं त्यांची पाठ बघायची.”

गेल्या वर्षी दाजींनी बाग काढली. वेली म्हाताऱ्या झाल्या होत्या, दाजींचे गुडघेही. मुलगा बंगळूरला नोकरीत रमलेला. खोडं उपटली त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. त्यानंतर ते रिकाम्या शेडात जाऊन बसायला लागले तसं माझ्या बायकोने ठरवून टाकलं, आता चौघांनी कुठेतरी लांब जायचं. लांब म्हणजे समुद्रापलीकडे, पण विमानात फार वेळ बसायला लागू नये इतकंच लांब. तेव्हा श्रीलंका. दाजींनी एकच प्रश्न विचारला, “तिथं हवा कशी असती?” मी भूगोलाचा मास्तर, मी काय सांगायला हवं होतं? बायकोने माझ्या पायावर पाय दिला आणि मी म्हणालो, “कोरडी.”

विमानतळावर दाजींच्या पिशवीचं वजन जास्त भरलं. उघडून बघितलं तर दोन धोतरं, एक स्वेटर, औषधं आणि घडी घातलेली एक निळी ताडपत्री, वर सुतळीचा गुंडा. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, हे कशाला? दाजी म्हणाले, “असावी जवळ.” आक्काने दुसरीकडे बघितलं. शेवटी तिच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या पिशवीत आली आणि ताडपत्री परदेशी निघाली.

पण एक सांगायला हवं. दाजींबरोबर फिरणं म्हणजे काय असतं हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी असा माणूस आहे की कुठेही गेलो तरी आधी गादी दाबून बघतो. निसर्ग मला खिडकीतून चालतो. दाजींचं तसं नाही. भीती वाटायची ती ढगाची. बाकी सगळ्या सृष्टीपुढे हा माणूस कायम हात जोडून उभा. गाडीच्या ड्रायव्हरला दर मैलाला थांबावं लागे. एका तळ्याच्या काठावर मगरीएवढी घोरपड दिसली, थांबा. झाडावर धनेश बसलाय, चोच बघा, थांबा. फणसाच्या झाडाला मुळापासून शेंड्यापर्यंत फणस लगडलेले, तर उतरून त्या झाडाच्या बुंध्याला हात लावून आले, गाईच्या पाठीवर फिरवावा तसा. ड्रायव्हर मध्यमवयीन, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा, फार सोशिक. दोन दिवसांनी तोच आपण होऊन थांबायला लागला.

मिन्नेरियाला आम्ही हत्ती बघायला गेलो. संध्याकाळ व्हायला आली होती. एक विशाल तळं, कडेला हिरवं कुरण, आणि पलीकडच्या झाडीतून हत्ती निघायला लागले. एक, मग पाच, मग मोजायचं सुचेना. आयांच्या पायांमधून पिल्लं चालत होती. गवताचा पुंजका सोंडेने उपटायचा, पायावर आपटून माती झटकायची आणि मग तोंडात घालायचा, अशी त्यांची सावकाश जेवणं चाललेली. माझासुद्धा हात कॅमेऱ्यावरून खाली आला. इतकी मोठी जनावरं आणि इतका कमी आवाज! दाजी जीपमध्ये उभे राहिले, त्यांनी टोपी काढली. मला वाटलं, हत्तींना. पण ते तळ्याकडे बघत होते.

“ये तालाब किसने बांध्या?” त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, फार जुन्या काळच्या एका राजाने. हजार वर्षांहून जास्त झाली.

दाजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “हजार वरसं! आन अजून गळत न्हाई? आमच्या शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद पाच वरसांत फाटतोय, पाव्हणं.” आणि पुन्हा तळ्याकडे बघून, “त्या राजाला ठावं तरी आसंल का, हत्ती जेवत्यात म्हणून?”

हा माणूस असं काही बोलून जातो आणि मग आपल्याला रात्रीचं जेवण गोड लागत नाही.

इथवर आभाळ निरभ्र होतं. पुढे डोंगराळ भाग लागला, एल्लाच्या बाजूचा. चहाचे मळे, उतारावर उतार, प्रत्येक दरीत एक धबधबा, आणि ढग. ढग म्हणजे किती? रस्त्यावर ढग, खिडकीत ढग, चहाच्या झुडपांतून म्हशीसारखे निवांत चाललेले ढग. माझी बायको “अगं बाई, अगं बाई” करत होती. दाजींनी डोळे मिटून घेतले होते. आम्ही ज्या घरी उतरलो तिथली मालकीणबाई साठीच्या आसपासची, एकटी राहणारी, हसरी. तिला सिंहली येई आणि चार शब्द इंग्रजी. दाजींना यातलं काहीच येत नव्हतं. पण सकाळी त्यांनी अंगणात बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. चटयांवर काळीमिरी वाळत घातलेली होती. हिरवी, तपकिरी, काळी, सुरकुतत चाललेली. “आगं, ह्यो तर आपला बेदाणाच की!” असं म्हणत ते उकिडवे बसले, चार दाणे तळहातावर घेऊन चोळले, वास घेतला, मान हलवली. “आजून तीन ऊनं पायजेत.”

त्या दिवशी आम्हाला धबधब्यावर जायचं होतं. रावणाच्या नावाचा धबधबा. आक्काला तो बघायचाच होता, घरी जाऊन सांगायला. आम्ही बूट घालून बाहेर आलो तर दाजी ताडपत्री उलगडत होते. डोंगरावर एक ढग आला होता. येणाऱ्यांतला. “तुमी व्हा फुडं,” ते म्हणाले. “बाईमाणूस एकली हाय. माल उघड्यावर हाय.”

आक्का बूट काढून ओसरीवर बसली. मग मी आणि बायको कसे जाणार? दिवसभर आम्ही तिघांनी जे बघितलं ते असं: ढग आला की दाजी मिरीवर ताडपत्री टाकत, चारी कोपरे सुतळीने खांबांना बांधत. ढग जाई, ऊन पडे. मालकीणबाई हसत हसत येई, गाठी सोडी, ताडपत्री काढून ठेवी. पुन्हा ढग. पुन्हा दाजी. बाई सिंहलीत काहीतरी समजावून सांगे, बहुधा असं की बाबा रे, इथे दर तासाला असंच असतं. दाजी मराठीत समजावून सांगत की बाई, गाफील राहू नका, मी लय बघितलंय. दोघांनाही दुसऱ्याचं पटत नव्हतं. चारला मात्र पाऊस आलाच, धो धो. बाई शेजारी गेलेली. दाजी पावसात उभे राहून, ताडपत्रीचा वाऱ्याने उडणारा कोपरा दोन्ही हातांनी धरून, दात विचकून हसत होते. बाई पळत आली, मिरी कोरडीठाक बघितली आणि तिने दाजींना दोन्ही हात जोडले. मला अभिमान वाटला, खोटं का सांगू?

पण ओसरीवर आक्का बसली होती. समोर दरीत पाऊस उतरत होता, चहाचे मळे क्षणात दिसत, क्षणात पुसले जात. इतका देखणा पाऊस मी तरी कधी बघितला नव्हता. आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. “बघ,” ती माझ्या बायकोला म्हणाली, “समुद्र वलांडून आले, तरी मी पाठच बघतीया.” मग पदराने डोळे पुसून आत गेली. दाजी भिजून आले तेव्हा ती बोलली नाही. जेवतानाही नाही. दाजींनी दोनदा तिच्याकडे बघितलं. एवढा धिप्पाड माणूस, भाताचे घास मोजल्यासारखा जेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हॉर्टन प्लेन्सला निघायचं होतं. उंच पठार, तिथून तासा-दीड तासाची पायवाट, आणि पठार संपतं तिथे सरळ तुटलेला कडा. त्या जागेचं नावच ‘वर्ल्ड्स एंड’, जगाचा शेवट. ड्रायव्हरने बजावलं होतं, नऊच्या आत पोचा, नंतर ढगांशिवाय काही दिसत नाही. निघताना आक्का पुढे झाली. दाजींच्या पिशवीतून ताडपत्री काढली, सुतळीसकट मालकीणबाईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तुमास्नी.” बाईला शब्द कळले नाहीत, पण बायकांचं एकमेकींना कळतं. दाजींनी हलकी झालेली पिशवी खांद्याला लावली.

नऊच्या आत पोचणं अर्थातच शक्य नव्हतं. फाटकावर पहारेकऱ्यांनी प्लास्टिक काढून घेतलं, तर आक्काच्या दशम्या कागदात बांधण्यात वेळ गेला. मग सांबर. हे एवढं थोरलं, फाटे फुटलेल्या शिंगांचं, वाटेपासून वीस पावलांवर उभं. आणि दाजी त्याच्यासमोर उभे. दोघांचाही पाय निघेना. मग वाटेत तांबड्या फुलांची वाकडीतिकडी झाडं, खोडांवर शेवाळाच्या दाढ्या. मग काळ्या पाण्याचा ओढा, त्याचं पाणी पिऊन बघणं. गवतावरच्या दवाने आमचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. मला धाप लागली होती, तरी मी कुरकुरलो नाही. त्या पठारावर कुरकुर तोंडातून फुटतच नव्हती. आपण मोठ्याने बोललो तर कुणीतरी वर बघेल, असं काहीतरी वाटत होतं.

पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. समोरून माणसं हिरमुसून परत येत होती. कड्यावर गेलो तर दरी नाहीच. पायाखालचा खडक संपत होता आणि पुढे नुसतं पांढरं. मी म्हणालो, “झालं, चला परत.” तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, पांढरं जरा खाली बसलं, आणि आम्हाला दिसलं ते ढगांचं शिवारच. आमच्या पायांच्या खाली, क्षितिजापर्यंत, उन्हात चमकणारं. वाफे, सऱ्या, उंचवटे. कुठेतरी त्याच्या खाली गावं होती, शेतं होती, त्यांच्यावर आभाळ आलेलं होतं आणि ते आभाळ आम्ही वरून बघत होतो.

दाजी दोन पावलं पुढे गेले. माझ्या बायकोने त्यांचा सदरा धरला. ते तसेच उभे. मग त्यांचा आवाज आला, देवळात निघतो तसा.

“पाव्हणं... ही ढगाची पाठ हाय.”

“हो,” मी म्हणालो.

“जल्मभर पोट बघितलं म्या ह्येचं. काळं, भरल्यालं. शिव्या घातल्या.” त्यांनी हात पुढे केला, त्या पांढऱ्यावर फिरवल्यासारखा. “आन पाठ बघा की. किती गरीब हाय.”

मी तीस वर्षं फळ्यावर ढग काढले. त्या दिवशी मला त्यातला एकही आठवला नाही.

आक्का एका दगडावर बसली होती. “बसा,” ती म्हणाली. दाजी बसले. ढग वर चढत आले, आधी पायांना, मग गुडघ्यांना भिडले, आणि मग आम्ही त्यांच्या आतच होतो. थेंब पडायला लागले. पहिल्या थेंबाला दाजी ताडकन उठले. अर्धे उठले. उजवा हात पाठीमागे गेला, जिथे पिशवी असते तिथे. आक्काने त्यांची बाही धरली.

“आवं,” ती म्हणाली, “काय भिजतंय हितं आपलं?”

दाजींनी इकडे तिकडे बघितलं. गवत, खडक, ढग. खरंच काही नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मग खाली बसले, सावकाश, गुडघ्यांवर हात टेकून. मी बायकोला घेऊन झाडाखाली गेलो. पाऊस अर्धा-पाऊण तास पडला. सुरुवातीपासून थांबेपर्यंत ती दोघं त्या दगडावर भिजत बसली होती. आम्हाला त्यांच्या पाठी दिसत होत्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच दोन पाठी शेजारी शेजारी, पावसात. माझी बायको रडत होती. मी पाऊस आहे म्हणून चष्मा पुसत होतो.

इथेच संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण यंदा चैत्रात आम्ही तासगावला गेलो होतो. बागेच्या जागी आता शाळवाची, म्हणजे ज्वारीची, धसकटं आहेत. शेड तसंच आहे, जाळ्या रिकाम्या. दुपारचा चहा घेत चौघं ओट्यावर बसलो होतो आणि पश्चिमेला भरून आलं. शेजारच्या शेडांवर आरडाओरडा, मोटारसायकली, ताडपत्र्या फडफडायला लागल्या. दाजी बसून होते. गुडघ्यांवर हात, आक्काच्या शेजारी, शहाण्या पोरासारखे. वर बघत नव्हते. चहा गार होत होता. आक्काने त्यांच्याकडे एकदा बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. जे तिने इतकी वर्षं मागितलं ते शेजारी बसलं होतं, आणि तिला ते बघवेना.

“आवं,” ती म्हणाली, “शेड बघून या की जरा.”

“काय हाय आता शेडात?”

“असू द्या. आभाळ आलंय. जावा.”

दाजी असे उठले की पायात वहाणा घालायचं विसरले. त्या वयाच्या माणसाने इतकं पळू नये. शेडाच्या तोंडाशी जाऊन त्यांनी जाळ्यांवरून हात फिरवला, दोऱ्या ओढून बघितल्या, ताडपत्र्यांचे पडदे खाली सोडले. सगळं जसंच्या तसं, फक्त माल नव्हता. मग पाऊस आला आणि ते तिथेच उभे राहिले. आक्का काही वेळ ओट्यावरून त्यांची पाठ बघत बसली. मग तिने पदर डोक्यावर घेतला, कप खाली ठेवला आणि पावसात चालायला लागली. दाजींनी मागे वळून बघितलं.

“आगं, भिजशील की!” ते ओरडले, आणि हाताला आलेली ताडपत्री उचलून तिच्याकडे धावले.